भाव नंतर, आधी माणूस सांगा

लिंबाजीमामांच्या दुकानाच्या साइटवर भाव मी टाकले होते. त्यांना न विचारता आणि न सांगता. ही गोष्ट मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही, बायकोपाशीसुद्धा नाही. ती अधूनमधून विचारते, "मामांकडं चहाला जायचं सोडलं का हो तुम्ही?" मी म्हणतो, पित्त वाढलंय. हे पित्त आता इतकं जुनं झालंय की ती रोज सकाळी जिऱ्याचं पाणी करून देते आणि मी ते मुकाट्यानं पितो.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. ते अख्ख्या मस्तगड मोहल्ल्याचे मामा. जालन्यात, याच मोहल्ल्यात, माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. पॅनकार्ड, पीकविमा, झेरॉक्स, छोट्या दुकानदारांना साइट करून देणं, असली कामं. त्याच्या भिंतीला भिंत लावून मामांचं दुकान, मयताच्या सामानाचं. बाहेर बांबू उभे केलेले. आत कडबा, सुतळी, मडकी, पांढऱ्या कापडाचे तागे, सवाष्णीसाठी हिरवी पातळं, आणि आमच्या बौद्ध लोकांसाठी मेणबत्त्यांचे पुडे. माणूस कुठल्याही धर्माचा मेला तरी मामांकडं त्याची सोय असे. फक्त एका प्रश्नाची सोय नव्हती.

"केवढ्याला?" असं कुणी विचारलं की मामा हातातली सुतळी खाली ठेवत आणि म्हणत, "भाव नंतर. आधी मानूस सांगा."

मग त्या दुःखी माणसाला पोत्यावर बसवायचं, समोरून चहा मागवायचा आणि चौकशी सुरू. कोण गेलं? काय करायचे? भाकर खायाचे का पोळी? रागीट व्हते का मऊ? झोपेत बडबडायचे का? लोक आधी चिडायचे. मढं घरात आहे आणि हा माणूस भाकर-पोळी विचारतोय! पण चहा संपेस्तोवर तेच लोक डोळे पुसत सांगत असायचे, की नाही हो, बाबांना वांगं बिलकुल चालायचं नाही, एकदा तर ताट फेकून दिलं होतं. मामा मान हलवायचे. "बराबर हाये. वांगं समद्याला मानवत न्हाई."

एवढं झालं की मामा समोरच्याच्या तोंडाकडं पाहायचे आणि भाव सांगायचे. गाडीतून उतरलेल्याला असा सांगायचे की त्याला घटकाभर आपणच वारलो असतो तर बरं, असं वाटावं. पण मयताच्या सामानाला घासाघीस करत नाहीत, त्यामुळं तो गप देऊन जायचा. आणि मजुरी करणारा आला की म्हणायचे, "तुमचं झालं. तुमच्या आधी आल्ता ना, तो जादाचे देऊन गेला. त्यात भागलं."

हे वाक्य मीही ऐकलेलं आहे. माझी आई गेली तेव्हा मी तहसीलसमोर झाडाखाली टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहायचो. मामांनी पांढरं कापड दिलं, मेणबत्त्या दिल्या, फुलं आणवली, आणि तेच सांगितलं. मी ते खरं धरलं. कितीतरी दिवस मी रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक ढेरपोट्या माणसाकडं कृतज्ञतेनं पाहायचो. वाटायचं, हाच असेल तो आधीचा.

धंद्यानं मामांना काही खोडी लावल्या होत्या. उभ्या माणसाला ते वरून खाली पाहायचे आणि पुटपुटायचे, "ह्याला लांबचा बांबू लागंल." चहाच्या टपरीवर मामा आले की उंच माणसं पटकन बसून घेत. मोहल्ल्यातले एक पुढारी तर त्यांच्याशी नेहमी थोडे वाकूनच बोलायचे. लोकांना वाटायचं, काय नम्रता आहे!

दुसरं म्हणजे, "या" हा शब्द मामांनी तोंडातून कधी काढला नाही. गिऱ्हाईक निघालं की "जावा आता. इकडं येऊ नका," हाच निरोप. धंद्याला ते शोभायचंच. पण जिभेला वळण पडलं होतं. दिवाळीला जावई आले, चार दिवस राहिले, निघताना पाया पडले, आणि मामा गहिवरून म्हणाले, "जावा आता. इकडं येऊ नका." जावयांनी ते मनावर घेतलं आणि पुढच्या दिवाळीला खरंच आले नाहीत. मामी शेवटपर्यंत त्यावरून बोलायच्या.

आणि तिसरी गोष्ट खोडीत मोडत नाही. मामा कधी कुणा आजाऱ्याला भेटायला जात नसत. "मी दारात दिसलो की घरच्यांच्या पोटात गोळा येतो रे भास्कर. वाटतं, माप घ्यायाला आलाय." त्यांचे बालमित्र सदाभाऊ पलीकडच्याच गल्लीत महिनाभर अंथरुणाला खिळून होते. मामा रोज केळी घ्यायचे आणि माझ्या हाती धाडायचे. मी परत आलो की विचारायचे, "बोलला का? काय बोलला? हसला का?" सदाभाऊंना ते भेटले ते थेट तिरडी बांधतानाच.

साइटची कल्पना माझीच. सरकारी दवाखान्याच्या बाजूला एक नवं दुकान निघालं होतं, काचेचं दार आणि 'फिक्स रेट'ची पाटी असलेलं. मी म्हटलं, मामा, आता पोरं पुण्याला, बेंगळुरूला. आईबाप इथं. त्यांना फोनवरून सामान धाडता आलं पाहिजे. मामांनी विचार केला. "पोरगं विमानात बसायच्या आधी बापाचं कापड घरी पोचत असंल, त बराबर हाये. कर."

तयार साचा घेऊन मी साइट उभी केली. पहिलीच अडचण, भावाचा रकाना. तो भरल्याशिवाय साइट पुढंच सरकेना.

"मामा, भाव टाकावा लागतो."

"कुनाचा?"

"कुणाचा म्हणजे? सामानाचा."

"आरं पन कोन मेलंय ते कुठं म्हाईत हाये अजून?"

"मामा, दुकानात भाव आधी असतो."

"कांद्याच्या दुकानात असतो. भाव लिवला की मानूस आधी खिसा पाह्यतो, मंग मेल्याल्याकडं पाह्यतो. टाक शून्य."

मी शून्य टाकलं. साच्याला वाटलं, दुकानदारानं मोफत वाटप काढलंय. त्यानं आपल्या अकलेनं तिरडीच्या फोटोवर लाल पट्टी मारली: 'धमाका ऑफर! लवकर करा!' खाली लिहिलं, 'ज्यांनी हे घेतलं त्यांनी मडकंही घेतलं.' एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण भोकरदनच्या एका घरी सामान पोचलं आणि दुसऱ्या दिवशी त्या घरी मेसेज गेला: 'आपला अनुभव कसा होता? आमच्याकडे पुन्हा नक्की या!'

मामांना हे कळलं तेव्हा ते माझ्या दुकानाच्या पायरीवर मटकन बसले. "भास्कर, जे माझ्या बापानं जन्मात तोंडातून काढलं न्हाई, ते तुझ्या मशिनीनं लोकांच्या घरी जाऊन सांगितलं!" स्वतः भोकरदनला गेले, घराबाहेर उभे राहिले आणि हात जोडून आले.

मग मी भावाच्या जागी 'चौकशी करा' असं बटण लावलं. फोन नंबर माझा. इथून माझं जेवण सुटलं. ताटावर बसलो की घंटी. मी ताट सोडून शेजारी जायचो, फोन मामांच्या कानाला लावायचो. पलीकडून पोरगा म्हणायचा, "काका, पूर्ण संच केवढ्याला बसेल?" आणि मामा म्हणायचे, "वडील काय करायचे?" एकानं तर सरळ सुनावलं, "भाव लपवता म्हणजे लोकांना लुबाडताच ना?" मामा शांतपणे म्हणाले, "आसंल बाबा. पन त्यांना पान लागायचं का तंबाखू?" मग तो माणूस हमसाहमशी रडायला लागला. फोन माझा, चार्जिंग माझं, आणि ताटातली आमटी गार.

मला वाईट वाटण्याऐवजी कंटाळा आला. खरं ते हे. आणि त्या माणसाचा शब्दही मला पटला होता. भाव न सांगणं म्हणजे लुबाडणंच, असं मी मनाशी म्हणालो. भाव लिहिलेला म्हणजे कारभार चोख. शिवाय ऑर्डरमागं मला थोडं सुटायचं, आणि लांबलेल्या फोनांमुळं ऑर्डरी निसटायच्या. एका दुपारी मी मामांच्या वरच्या आणि खालच्या भावांचा अंदाज घेतला, मधला आकडा काढला आणि टाकून दिला. 'पूर्ण संच. सुटे सामान मिळणार नाही.' तेही मीच लिहिलं, कारण सुट्या वस्तूंचे वेगवेगळे फोटो काढायचा कंटाळा. आणि साइट उघडायचं क्यूआर कोडचं चौकोनी स्टिकर दुकानासमोरच्या विजेच्या खांबावर चिकटवलं. मामांना वाटलं, पैसे घ्यायचा चौकोन आहे.

मधला भाव बरोबर काढला, असं मला वाटलं होतं. मधला माणूस मामांच्या दुकानात फारसा येतच नसे, हे ध्यानात आलं नाही. वरचे यायचे, त्यांच्यावर खालच्यांचं भागायचं.

फोन थांबले. लोक खांबापाशी मोबाइल धरायचे, आकडा पाहायचे, आणि मामांनी तोंड उघडायच्या आत पैसे पुढं करायचे. मयताचे पैसे मोजून घ्यायचे नाहीत हा मामांचा नेम. पण हाताला कळतंच. एकदा म्हणाले, "भास्कर, नवलच हाये. गाडीवाला आसू दे का पायी आल्याला, समदे सारखेच पैसे देऊन राह्यले. जालन्यात एकी झाली का काय?"

मी हसलो. हसणं सोपं होतं.

हसनाबाद गावाचा एक माणूस आला तेव्हा भर दुपार होती. बरोबर त्याचा मेव्हणा. दोघं दवाखान्यातून चालत आले होते. मेव्हण्याच्या हातात अजून औषधांची पिशवी होती. आता त्या औषधांचं काय करायचं हे त्याला सुचत नसावं. त्यानं खांबापाशी मोबाइल धरला. दोघांनी पाहिलं. मग त्या माणसानं दुकानाकडं पाहिलं. मामा आत पाठमोरे बसून कामट्या सोलत होते. दहा पावलं असतील नसतील. तो मामांच्या दुकानाची पायरी चढला नाही. माझ्या दाराशी आला.

"साहेब, ते शेजारचं तुम्हीच पाह्यता का मोबाइलवरचं?"

"हो."

"मंडळी गेली आमची." त्यानं ते असं सांगितलं, जसा माझ्याकडं उशिरा आल्याबद्दल माफी मागतोय. "सवाष्ण गेली म्हून हिरवं पातळ पाह्यजे व्हतं. बांबू आमच्या गावात भेटत्यात. नुसतं पातळ वेगळं भेटंल का?"

माझ्यासमोर विम्याचा अर्ज अर्धा भरलेला होता. मला एवढंच म्हणायचं होतं, की वर जा, त्या म्हाताऱ्याशी बोला. पण तो वर गेला असता तर आकड्याची गोष्ट निघाली असती. मामांनी विचारलं असतं, कसला आकडा? कुणी लिहिला?

मी स्क्रीनकडं पाहून म्हणालो, "नाही. पूर्ण संचच घ्यावा लागतो."

मेव्हणा म्हणाला, "दाजी, गावातून पाहू ना कायतरी."

"राहू दे," तो म्हणाला. मेव्हण्याला नव्हे, मलाच समजावल्यासारखं. "तिच्या अंगावर हाये ते बी तसं नवंच हाये. अंगारकीला राजूरच्या गणपतीला गेल्तो, तवा घेतल्यालं. दोनदाच नेसली. लई आवडलं व्हतं तिला." आणि जाताना, "बरं साहेब, येतो."

भिंतीपलीकडं मामा कामट्या सोलत होते. तो आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता.

पुढं थोड्याच दिवसांत मामा जिलबीचा पुडा घेऊन माझ्याकडं आले. मयताच्या दुकानदारानं मिठाई वाटायची नसते. लोक नको तो अर्थ काढतात. म्हणून शर्टाच्या आत लपवून आणला होता, पाक पोटाला चिकटला होता.

"खा. कुनाला सांगू नको. भास्कर, गरीब मरायचे थांबले रे!"

"काय?"

"आरं, किती दिस झाले, एक मजूर आला न्हाई दुकानात. एक पोतराज न्हाई, एक हमाल न्हाई. गाडीवालेच मरून राह्यले समदे. कायतरी चांगलं झालं असंल बघ. दवाखान्यात औषध भेटत असंल. पोटाला भेटत असंल." त्यांचे डोळे भरून आले होते. आपला धंदा बसल्याबद्दल जिलबी वाटणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

मी जिलबी खाल्ली. दोन खाल्ल्या. नाही म्हणालो असतो तर कारण सांगावं लागलं असतं.

पण मामांना करमेना. मामी जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लांब दिलेली. आजाऱ्याच्या घरी जाता येत नाही, लग्नात कुणी आग्रहानं बोलवत नाही. पोत्यावर बसून रडणारी माणसं हीच काय ती त्यांच्याकडं येणारी पाहुणे मंडळी. आता पिशवी उचलून लोक चालते व्हायचे. संध्याकाळी शटर ओढताना पूर्वी मामा मला सांगायचे, आज एक म्हातारी गेली, लई शिव्या द्यायची म्हन, पन गायीला हात लावल्याबिगर भाकर खायाची न्हाई. आता म्हणायचे, "आज तिघं गेले. कोन व्हते, देव जाने."

शेवटी ते कुंडलिका नदीच्या काठी मसणवट्यात जाऊन बसायला लागले. आजाऱ्याच्या दारात त्यांना मज्जाव, पण इथं कोण हरकत घेणार? तिथं येणाऱ्यांना हळूच विचारायचं, कोण होतं, काय खायचं.

आणि तिथं त्यांना दिसलं, की गरीब मरतच होते. जुन्या चादरीत, धुतलेल्या धोतरात, खताच्या गोणीच्या सुतळीनं बांधलेले. मामांना ओळखणारे काही जण त्यांना पाहून नजर चुकवत होते.

परत आले तेव्हा मी दुकान आवरत होतो. ते पायरीवर बसले. पाणी दिलं, प्यायले नाहीत.

"माझ्याकडं काहून येत न्हाईत रे ते? माझ्या हातून कुनाचं मन दुखलं असंल. कधी कुनाला तोडून बोललो असंल. गरिबाला शब्द लागतो, भास्कर. त्यानं चौघांत सांगितलं असंल, त्या म्हाताऱ्याची पायरी चढू नका म्हून."

"तसं काही नसेल, मामा."

"आसं उगं होत न्हाई. आठवून पाह्यतो, कुनाला बोललो. आठवत न्हाई."

मी तेव्हा बोलू शकलो असतो. ते माझ्यासमोर बसले होते, आम्हा दोघांत कुणी तिसरं नव्हतं. मी म्हणालो, "मामा, ऊन लागलं असेल तुम्हाला. घरी जा." ते उठून गेले, आणि मी साइटवरचा आकडा काढून टाकला. तिथं लिहिलं, 'भाव नाही. दुकानात येऊन बोला.' खांबावरचं स्टिकर नखानं खरवडलं. अर्धं निघालं. अर्धं अजून आहे.

हळूहळू लोक परत यायला लागले. आधी एक हमाल आला, आईसाठी. मामांनी त्याला पोत्यावर बसवलं, चहा सांगितला, पण काही विचारलं नाही. आधी हात जोडले. मी भिंतीअलीकडून ऐकत होतो.

"मागं माझ्या हातून काय चुकलं असंल त पोटात घाला. म्हाताऱ्या मानसाची जीभ हाये. आता सांगा, आई कशी व्हती?"

तो हमाल गोंधळला. त्याला कसली चूक, काय माहीत? पण मामांना वाटतं, लोकांनी आपल्याला माफ केलं. ते आता प्रत्येक गरीब गिऱ्हाइकापुढं आधी हात जोडतात, मग माणूस विचारतात. लोक म्हणतात, म्हातारा चळला. माझ्याकडं झेरॉक्सला येणारेही भिंतीकडं बोट करून हसतात. मी झेरॉक्स काढत राहतो.

मामा आता थकलेत. हे मी लिहिलं असलं तरी ते वाचणार नाहीत. बारीक अक्षर त्यांना दिसत नाही.

हसनाबादच्या त्या माणसाचं एक हिरवं पातळ मी देणं लागतो. ते नेसणारी बाई जळून गेली, त्यामुळं ते फिटणार नाही. लिंबाजीमामांचं एक वाक्य देणं लागतो: मामा, तुम्ही कुणाचं मन दुखवलं नाही, भाव मी लिहिला होता. ते भिंतीपलीकडंच बसलेले असतात. ते वाक्य मी अजून दिलेलं नाही.